सातबारा चुलतभावांच्या नावावर, मग आमचा हिस्सा कशाच्या आधारावर मागायचा?

प्रश्न (सातारा जिल्ह्यातील एका वाचकाच्या पत्राचा सारांश)

माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. १९६६ पासून २००२ पर्यंत ते मुंबईत गिरणीत होते. गावाकडची शेती थोरले चुलते बघायचे. आजोबा दुसऱ्याच्या जमिनीत कूळ होते, ते १९६२ मध्ये वारले. पुढे ३२-ग ची (कुळकायद्याने जमिनीची किंमत ठरवण्याची) कारवाई होऊन १९६५ मध्ये ३२-म चा (खरेदीचा) दाखला चुलत्यांच्या नावे निघाला. ती जमीन साडेतीन एकर. जुन्या सातबाऱ्यावर चुलत्यांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) असे होते. १९७९ मध्ये ओढ्याकाठची १ एकर १० गुंठे जमीन चुलत्यांच्या नावे खरेदी झाली. वडील दरमहा मनीऑर्डर करत, त्यातल्या काही पावत्या आहेत. चुलत्यांचे १९८४ चे एक अंतर्देशीय पत्रही आहे: ‘तुझ्या पैशाचा मोठा हात लागला. विहिरीचं काम झालं. ओढ्याची जमीन घेतली ती आपल्या दोघांची आहे.’ २००३ मध्ये वडिलांनी ग्रॅच्युइटीच्या पैशातून तालुक्याच्या गावी प्लॉट घेतला, पण स्वतः मुंबईत म्हणून खरेदीखत पुतण्याच्या नावे केले. चुलते २०२१ मध्ये गेले. २०२२ मध्ये दोन्ही चुलतभावांनी वारस नोंद करून घेतली. आता सातबाऱ्यावर फक्त त्यांचीच नावे आहेत आणि ए.कु.मॅ. शेरा गायब आहे. ओढ्याकाठच्या जमिनीचा विसार झाल्याचे ऐकतो. तलाठी म्हणतात कोर्टात जा. वडील म्हणतात, ‘निम्मं आपलं आहेच, भाऊ म्हणाला होता.’ दोन आत्या आहेत, त्या यात पडत नाहीत. आमचे काही चालेल का?

उत्तर

तुमच्या तीन मिळकतींची तीन वेगळी उत्तरे आहेत आणि तिन्ही एकाच दमात ‘पैसे आमचे, नाव त्यांचे’ अशी मांडलीत, तर जी जमीन मिळण्यासारखी आहे तीही अडचणीत येईल. साडेतीन एकरांत तुमची बाजू भक्कम आहे. ओढ्याकाठच्या जमिनीत बरी आहे, पण ती कशी मांडता यावर सगळे अवलंबून आहे. प्लॉटची आशा सोडलेली बरी.

सातबाऱ्याबद्दलची धास्ती आधी काढून टाका. तो महसुली दप्तर आहे. सारा कोणाकडून घ्यायचा आणि पीक कोणाचे, यासाठी ठेवलेला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम १५७ म्हणते की नोंद खरी धरावी, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने मालकी येत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. चुलतभावांची वारस नोंद एवढेच सांगते की चुलत्यांचे जे काही होते ते यांच्याकडे आले. चुलत्यांचे नेमके किती होते, हे ती सांगत नाही. तुमचा सगळा वाद त्या ‘किती’चा आहे.

मात्र विसार झाला असेल तर आधी विक्री थांबवायची. इथे बहुतेक लोक क्रम चुकतात. पहिल्यांदा वकिलाची कडक नोटीस पाठवतात. समोरचे सावध होतात, कोर्टात कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असा अर्ज) टाकतात आणि महिन्यावर असलेले खरेदीखत त्याच आठवड्यात उरकतात. खासगी माणसावर वाटपाचा दावा लावायला आधी नोटीस देण्याची सक्ती नाही. हाताशी आहेत त्या कागदांवर दावा दाखल करा आणि त्याच दिवशी मनाई हुकमाचा अर्ज द्या. आपल्याकडच्या दिवाणी कोर्टात सगळे त्याला ‘निशाणी ५’ म्हणतात. निदान ‘जैसे थे’ आदेश तरी पहिल्या तारखेला मागा. राहिलेले कागद पुढे कोर्टाच्या परवानगीने दाखल करता येतात.

दावा क्रमांक पडला की लगेच दुय्यम निबंधकाकडे जाऊन दावा प्रलंबित असल्याची नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, नोंदवा. दावा चालू असताना झालेली विक्री दाव्याच्या निकालाला बांधील असते, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५२. पण मुंबई प्रांताने १९३९ मध्ये त्यात दुरुस्ती केली आणि ती आपल्याकडे अजून चालते: नोटीस नोंदवलेली असेल तरच हे संरक्षण मिळते. बाकी बहुतेक राज्यांत नुसता दावा पुरतो. बाहेरच्या राज्यातला वकील किंवा इंटरनेटवरचा लेख हे सांगणार नाही. नोटिशीत मालकाचे नाव-पत्ता, गट क्रमांक, क्षेत्र व चतुःसीमा, कोर्टाचे नाव, दाव्याचे स्वरूप व शीर्षक आणि दाखल तारीख हवी. गट क्रमांकातला एक आकडा चुकला तर ती नोटीस शोध घेणाऱ्याला सापडणार नाही. मग ती असून नसल्यासारखी.

मग, आणि मगच, विसार देणाऱ्याला स्पीड पोस्टाने पोच घेऊन पत्र पाठवा आणि स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्या. याचे कारण मालमत्ता हस्तांतरण कायद्याचेच कलम ४१. दप्तरी मालक दिसणाऱ्याकडून कोणी योग्य चौकशी करून, चांगल्या हेतूने, पैसे मोजून जमीन घेतली आणि खऱ्या हक्कदारांनी ते नाव तसे चालू दिले असेल, तर खरेदीदाराला कायदा सांभाळून घेतो. तुमच्या पत्रानंतर त्याला ‘मला माहीत नव्हते’ म्हणता येणार नाही. नाव कळले असेल तर त्यालाही दाव्यात प्रतिवादी करा.

दुय्यम निबंधकाला ‘यांचा दस्त नोंदवू नका’ असा साधा अर्ज देऊन निर्धास्त राहू नका. कोर्टाचा मनाई हुकूम नसेल तर घरचा वाद आहे एवढ्यावरून तो दस्त अडवत नाही. ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गावाचे चालू फेरफार दिसतात, ते दर दोन-तीन दिवसांनी बघा. दस्त नोंदला की फेरफार आपोआप तलाठ्याकडे जातो (पद आता ग्राम महसूल अधिकारी झाले, गावात तलाठीच म्हणतात) आणि नोटिशीपासून १५ दिवसांत लेखी हरकत आली तर नोंद तक्रारी म्हणून गणली जाते. मग मंडळ अधिकारी ती सरळ प्रमाणित करू शकत नाही, सुनावणी लावावी लागते. हरकतीच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.

आता साडेतीन एकर. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जो स्वतः जमीन कसणारा कूळ होता, त्याने ती विकत घेतली असे मुंबई कुळवहिवाट कायद्याचे कलम ३२ मानते. ३२-ग मध्ये नंतर किंमत ठरते, ती हप्त्यांनी भरली की ३२-म चा दाखला मिळतो. दाखला १९६५ चा असला तरी हक्काची मुळी १९५७ मध्ये आहे आणि १९५७ मध्ये कूळ तुमचे आजोबा होते. चुलत्यांनी वडिलांच्या पश्चात कारवाई पुरी केली. त्यांचे नाव दाखल्यावर आले ते थोरला मुलगा म्हणून. १९६२ मध्ये तुमचे वडील १५ वर्षांचे होते. अज्ञान धाकट्या भावाच्या वतीने थोरल्याचे नाव ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ म्हणून लागणे ही तेव्हाची नेहमीची रीत.

हे सिद्ध करणारे कागद तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. पैकी काही तालुक्यांचे जुने अभिलेख ऑनलाइनही मिळतात, पण कोर्टात शिक्क्याची नक्कलच चालते. नक्कल अर्जात मोघम ‘जुने उतारे’ लिहिले की मोघमच मिळते. स्पष्ट मागा: १९५५ ते १९६६ चे पाहणीपत्रक व सातबारा, ज्यात आजोबांचे नाव कूळ म्हणून दिसेल, त्यांच्या मृत्यूनंतरचा १९६२-६३ चा वारस फेरफार, त्यावर कोणाकोणाची नावे घेऊन कोणाला मॅनेजर ठेवले ते दिसेल, आणि ३२-ग ची मूळ संचिका. या संचिकेत शेतजमीन न्यायाधिकरणापुढे चुलत्यांनी दिलेला जबाब असतो. त्यात ‘जमीन आमचे वडील कसत होते, आम्ही एकत्र आहोत’ असे वाक्य मिळाले, तर तुमच्या सगळ्या मनीऑर्डरींपेक्षा त्या एका ओळीचे वजन जास्त.

ए.कु.मॅ. शेरा कुठे गेला ते फेरफारांवरून शोधा. दोन शक्यता आहेत. हस्तलिखित सातबारा संगणकावर चढवताना तो सुटला असेल तर ती लेखनातली चूक. कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्ती मागता येते. किंवा कोणीतरी अर्ज देऊन तो रीतसर काढून घेतला असेल. ‘ई-हक्क’ प्रणालीत ‘एकुमॅ नोंद कमी करणे’ हा अर्जाचा स्वतंत्र प्रकारच आहे. मूळ हेतू चांगला, की मॅनेजरच्या जागी सगळ्या वारसांची नावे यावीत. प्रत्यक्षात कधी कधी मॅनेजर तेवढा जातो आणि कुटुंब त्याच्याबरोबर पुसले जाते. तसे झाले असेल तर त्या फेरफाराची नोटीस वडिलांना मिळाली का, त्यावर कोणाची सही आहे, हे पाहा. नोटिशीविना झालेली नोंद ही पुढे चुलतभावांच्या हेतूवरही बोट ठेवते.

सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ‘कु.का. कलम ४३’ चा (कुळकायद्याने मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकू नये, असा) शेरा अजून आहे का तेही बघा. तो असला तरी त्याने विक्री अडेल असे धरून चालू नका. २०१४ च्या दुरुस्तीनंतर खरेदीला दहा वर्षे उलटलेल्या जमिनीला आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा भरून पूर्वपरवानगीशिवाय विकता येते, आणि आकार काही रुपयांचाच असतो. याच कलमात वाटपाचाही उल्लेख आहे, म्हणून तुमच्या वाटपाच्या वेळी मंजुरीचा कागद लागू शकतो, एवढे वकिलाच्या कानावर घाला. समोरचा वकील कुळकायद्याचे कलम ८५ काढेल: कूळ कोण हे दिवाणी कोर्टाने ठरवायचे नाही. म्हणून दाव्यात ‘चुलते कूळ नव्हते’ असा वादच उभा करू नका. कूळ आजोबा होते हे दप्तर सांगते, आणि त्यांच्या पश्चात घरातल्या घरात कोणाचा किती हिस्सा एवढेच विचारायचे.

ओढ्याकाठची जमीन अवघड आहे ती कायद्यामुळे. बेनामी व्यवहार प्रतिबंध कायदा १९८८ चा. त्याचे कलम ४ म्हणते की ज्याने पैसे दिले त्याला, ज्याच्या नावावर मिळकत आहे त्याच्याविरुद्ध ‘खरा मालक मी’ असा दावा करता येणार नाही. खरेदी १९७९ ची, कायदा नंतरचा, म्हणून तो लागू नाही, असे गावातल्या पारावर तुम्हाला सांगतील. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये राजगोपाल रेड्डी प्रकरणात हा मुद्दा निकाली काढला आहे: कायदा येण्याआधीच कोर्टात असलेल्या दाव्यांना ती बंदी नाही, पण जुन्या व्यवहारावर आता लावलेल्या नव्या दाव्याला आहे. थोडक्यात, ‘माझ्या वडिलांनी पैसे पाठवले, चुलते नावापुरते’ असे दाव्यात लिहिले की तुम्हीच तुमचा दावा बंद केला.

वाट आहे ती अपवादातून. एकत्र कुटुंबाच्या उत्पन्नातून, कुटुंबाच्या फायद्यासाठी, कर्त्याच्या किंवा सदस्याच्या नावे घेतलेली मिळकत बेनामी नव्हे. पण कुटुंब एकत्र होते म्हणजे मिळकतही एकत्र, असे कायदा गृहीत धरत नाही. विजापूरकडच्या कांगो घराण्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये घालून दिलेला नियम आजही चालतो. जो मिळकत एकत्र म्हणतो त्याने आधी दाखवायचे, की कुटुंबाकडे असे मूळ भांडवल होते ज्याच्या उत्पन्नातून ती घेता आली असती. ते दाखवले की ओझे समोरच्यावर जाते. मग त्याने सिद्ध करायचे की आपण स्वतःच्या कमाईतून घेतली.

यावरून तुमच्या पुराव्याची उतरंड बदलते. तुम्ही मनीऑर्डरींवर भर दिला आहे, पण मध्यभागी यायला हवे साडेतीन एकरांचे उत्पन्न. चुलत्यांना नोकरी-धंदा नसेल, तर त्यांचे उत्पन्न म्हणजे कुटुंबाच्या जमिनीचे पीक. १९७५ ते १९७९ मध्ये तिथे काय पिकत होते? गाव नमुना १२ ची पीक पाहणी, विकास सोसायटीचा कर्जखाते उतारा, कारखान्याला ऊस जात असेल तर त्याची नोंद व बिले, विहिरीवरच्या मोटारीची जोडणी, हे मिळवा. खरेदीखताची शिक्क्याची प्रत काढून त्यात किंमत किती आणि भरणा कसा लिहिला आहे ते त्या वर्षांच्या उत्पन्नाशी ताडून बघा. जमीन किमतीच्या मानाने उत्पन्न अगदीच तुटपुंजे निघाले तर मूळ भांडवलाचा मुद्दा लंगडा पडेल, हे दावा लावण्याआधी कळलेले बरे.

मनीऑर्डरींना दुसरी जागा आहे. पैसे घरखर्चाला, घरच्या सामाईक गाठोड्यात पाठवले आणि तिथून जे झाले ते कुटुंबाचे, अशी ती मांडणी. इथे जपून. ‘वडिलांची सगळी कमाई कुटुंबाची होती’ असे ठोकून दिलेत, तर चुलतभाऊ लगेच म्हणतील, मग मुंबईची खोलीही वाटपात घाला. लिहायचे ते एवढेच, की जो पैसा गावी आला तो कुटुंबात मिसळला. मुंबईत राहिलेला पगार आणि त्यातून झालेली मिळकत वडिलांची स्वकष्टार्जित.

आता ते १९८४ चे पत्र. त्याच्या पहिल्या वाक्यावर, ‘तुझ्या पैशाचा मोठा हात लागला’ यावर, समोरचा वकील उड्या मारेल. त्याच्या दृष्टीने ती बेनामीची कबुली. तुमचा आधार शेवटचे वाक्य, ‘आपल्या दोघांची आहे’. कर्त्याने स्वतःच्या हाताने, खरेदीनंतर पाच वर्षांनी, वाद नसताना केलेली ही कबुली आहे. दुसरा आक्षेप येईल की नोंदणी नसलेल्या कागदाने जमिनीत हक्क मिळत नाही. बरोबर, पण हे पत्र हक्क निर्माण करत नाही. आधीपासून असलेली गोष्ट मान्य करते, म्हणून त्याला नोंदणी लागत नाही. कागद ३० वर्षांहून जुना आणि योग्य ताब्यातून आलेला असेल तर सही-अक्षर खरे मानायला कोर्टाला कायद्याने मुभा आहे. म्हणून पत्र कोणाकडे, कुठे होते हे वडिलांच्या साक्षीत यायला हवे. त्याला लॅमिनेशन करू नका, टाचणी लावू नका, घडीवर चिकटपट्टी मारू नका. पोस्टाचा शिक्का वाचता येतो तसाच राहू द्या. चुलत्यांच्या हस्ताक्षराचे त्याच काळातले नमुने, सोसायटीच्या कर्जरोख्यावरची सही वगैरे, शोधून ठेवा.

कोर्ट अशा वादात सहा गोष्टी तपासते, १९७३ च्या जयदयाल पोद्दार निकालापासून: पैसा कुठून आला, ताबा कोणाचा, दुसऱ्याच्या नावे घेण्याचे कारण काय, नाते काय, मूळ दस्त कोणाकडे आणि नंतर दोघे कसे वागले. तुमच्याकडे नाते आणि कारण आहे. ताबा आणि दस्त नाही, ते लपवू नका. शेवटच्या मुद्द्यावर साधे विचार करा: वडील यात्रेला येतात तेव्हा गावच्या घरातली एक खोली त्यांचीच असते का? धान्य, गूळ मुंबईला यायचे का? सामाईक मिळकतीत एकाचा ताबा सगळ्यांचा धरतात. उघडपणे हक्क नाकारल्याशिवाय कब्जेवहिवाटीने हिस्सा जात नाही.

प्लॉटबद्दल तुम्हाला आवडणार नाही असे लिहितो. ग्रॅच्युइटी ही वडिलांची स्वतंत्र कमाई, तेव्हा एकत्र कुटुंबाचा अपवाद लागत नाही. बायको-मुलांच्या नावे घेतलेल्याला अपवाद आहे. भावाच्या नावे घेताना स्वतःचेही नाव कागदावर असेल तर आहे. पुतण्याला नाही. उरतो तो विश्वासाच्या नात्याचा अपवाद. २०१२ मध्ये मार्सेल मार्टिन्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बंगळूरच्या एका कुटुंबाला त्याचा लाभ दिला. पण तिथे महापालिकेच्या नियमाप्रमाणे एकाच्याच नावे व्यवहार होणार होता आणि सगळ्यांनी पैसे घातले होते. ‘मी मुंबईत होतो’ हे त्या तोडीचे कारण नाही. शिवाय १ नोव्हेंबर २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत कलम ६ असे आहे की बेनामीदाराने मिळकत खऱ्या मालकाला परत फिरवली तर ते हस्तांतर शून्यवत. म्हणजे चुलतभाऊ उद्या मनापासून कबूल झाला तरी सरळ परत देणे जमत नाही, आणि जप्तीची टांगती तलवार दोघांवर. प्लॉट दाव्यात घालू नका. घातलात तर त्याची बेनामी छटा ओढ्याकाठच्या जमिनीवरही पडेल.

निम्म्याचे काय? इथे वडिलांचा हिशेब चुकतो आहे. आजोबा १९६२ मध्ये वारले, हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. त्यांच्या वारसांत मुलीही होत्या. शिवाय ९ सप्टेंबर २००५ ची दुरुस्ती आणि ११ ऑगस्ट २०२० चा विनीता शर्मा निकाल यांनी मुलीला जन्मतः सहदायक, म्हणजे मुलासारखी जन्मानेच एकत्र मिळकतीची हिस्सेदार, मानले. त्यासाठी त्या मुलीचे वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट नाही. जमीन आजोबांची स्वतंत्र धरा किंवा वडिलोपार्जित, दोन भाऊ आणि दोन बहिणी असतील, आजी वारली असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर प्रत्येकाचा चौथा हिस्सा. म्हणजे साडेतीन एकरांत ३५ गुंठे. ओढ्याची जमीन एकत्र कुटुंबाची ठरली तर तीतही हाच हिशेब समोर येईल, पत्रात ‘दोघांची’ लिहिले असले तरी.

‘त्या यात पडत नाहीत’ हे आत्यांबाबत चालणार नाही. वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार पक्षकार हवेत. आत्या वगळल्या तर त्याच कारणावर दावा अडतो, आणि वर्षांनंतर अपिलात अडला तर सगळे पुन्हा. एखादी वारली असेल तर तिची मुले. त्या तुमच्या बाजूला असतील तर वडिलांबरोबर वादी, नसतील तर प्रतिवादी. वडिलांना हिस्सा द्यायची त्यांची इच्छा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे लागेल, तोंडी सोडलेला हक्क धरला जात नाही. त्यांच्या सह्या ‘सातबाऱ्याच्या कामासाठी’ म्हणून घेऊ नका. काय सोडताहेत ते वाचून दाखवा, नाहीतर पुढचा दावा तुमच्याविरुद्ध असेल. गावठाणातले घरही (ग्रामपंचायत नमुना ८ चा उतारा काढा) दाव्यात घाला, कारण कुटुंबाची एक मिळकत घेऊन दुसरी वगळलेला वाटपाचा दावा आक्षेपाला पात्र ठरतो.

मुदतीची भीती तूर्त नाही. एकत्र मिळकतीतून वगळल्याचे कळल्यापासून १२ वर्षे, मुदत कायद्याचा अनुच्छेद ११०. तुम्हाला ते २०२२ च्या वारस नोंदीने कळले. फक्त दाव्यात नुसते ‘घोषणा करून द्या’ मागू नका, त्याला अनुच्छेद ५८ ची तीनच वर्षे लागू होतात. वाटप आणि स्वतंत्र ताबा हीच मुख्य मागणी हवी.

वारस फेरफाराविरुद्ध प्रांताकडे अपील करावे का? करा. मुदत ६० दिवसांची होती, म्हणून विलंबमाफीचा अर्ज जोडा. पण त्यावर विसंबू नका. प्रांत, अपर जिल्हाधिकारी, आयुक्त अशा पायऱ्या चढत लोक सहा-सात वर्षे घालवतात आणि शेवटी आदेशात तेच वाक्य मिळते जे तलाठ्याने पहिल्या दिवशी सांगितले: मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात सोडवावा.

वादी तुम्ही नव्हे, वडील व्हावेत. कुलमुखत्यारपत्र घेऊन तुम्ही तारखांना जाऊ शकता, पण १९७९ मध्ये काय ठरले याची साक्ष त्यांच्या जागी तुम्ही देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००४ मध्ये जानकी भोजवानी प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. ७८ वय बघता, साक्ष क्रमाची वाट न बघता तातडीने नोंदवण्याचा अर्ज (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश १८ नियम १६) दावा दाखल झाल्यावर लगेच द्या. त्याआधी त्यांना घेऊन निवांत बसा आणि वर्षे लावून घ्या: गिरणीत कधी लागले, विहीर कधी, कोणते पीक, खरेदीला कोण कोण गेले होते. उलटतपासणीत माणूस नेमका वर्षांवर अडखळतो.

चुलतभावांशी बोलणी तुटू देऊ नका. निशाणी ५ चा आदेश झाला आणि लिस पेंडन्स नोंदली की खरेदीदार बहुधा मागे सरतो आणि विसाराचे पैसे परत मागतो. तडजोडीची वेळ ती. जमले तर त्याच दाव्यात आदेश २३ नियम ३ खाली तडजोड हुकूमनामा करून घ्या. दाव्यातल्या मिळकतीपुरता त्याला वेगळी नोंदणी लागत नाही. न जमले तर आधी हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा होईल, मग आकारी (सारा लागणाऱ्या) जमिनीची प्रत्यक्ष फाळणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, मोजणी होऊन. तडजोड केलीत तर तीत विहीर, पाण्याची पाळी आणि शेतात जायची वाट या तिन्ही गोष्टी गट क्रमांकासह लिहून घ्या. हिस्सा मिळाल्यावरची पुढची भांडणे बहुतेक त्यांवरूनच होतात.